सरकारचा जावई कोण?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरूडपासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. किहीमच्या पट्ट्यालाही तडाखा बसला. शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. आमच्याकडच्या वाड्या हेक्टरांत मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीवाल्याला मिळणार अडीच हजार, आणि पडलेली झाडे कापून बाहेर काढायलाच त्याहून जास्त खर्च. साहजिकच ओरड झाली. ओरड रास्त होती, आणि पुढे झाडामागे मदत देण्याचे ठरले : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. ही रक्कमही थोडीच होती. पण थोडी का असेना, तिला कोणी ‘भीक’ म्हटले नाही. तिचे नाव ‘नुकसानभरपाई’ असे होते. ती मागणाऱ्यांनी मान खाली घातली नाही, देणाऱ्यांनी नाक मुरडले नाही, आणि वर्तमानपत्रांनी बागायतदारांच्या आळसावर अग्रलेख लिहिले नाहीत.

मात्र नुकसानीचा पंचनामा सुरू होतो तो सातबाऱ्यापासून. ज्याच्या नावावर वाडी, त्याचे नुकसान. दुसऱ्याच्या माडावर चढून नारळ पाडणारा, वाडीला पाणी लावणारा, सुपारी सोलणारी, झाप विणून विकणारी ही माणसे सातबाऱ्यात नसतात. माड पुन्हा लावला तरी तो फळाला यायला पाच-सात वर्षे जातात. मालकाचे झाड गेले हे कागदावर आले, पण त्या झाडावरची ज्याची मजुरी गेली त्याच्यासाठी पंचनाम्यात रकाना नव्हता. या माणसांनी काही मागितले असते तर त्या मागण्याला नाव कोणते पडले असते? ‘सवलत’, ‘फुकट’, ‘सरकारवर ओझे’. शब्दांचा हा भेद वरवरचा नाही. आपल्या समाजाने दारिद्र्याचा आणि राजसत्तेच्या मदतीचा जो अर्थ शतकानुशतके लावला, तो या भेदात साठलेला आहे. त्याचा इतिहास तपासणे हा या लेखाचा हेतू आहे, आणि तो तपासायला रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा, हा जिल्हा विशेष सोयीचा आहे, असे माझे मत आहे.

‘सरकारचे जावई’ हा शब्दप्रयोग आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकला आहे. मी पहिल्या वर्षाला असताना शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही घ्यायला गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने मान वर न करताच तो उच्चारला होता. त्यात राग नव्हता. सवयीने बोलल्यासारखे तो बोलला. माझे वडील तेव्हा दुसऱ्याच्या वाडीत रोजाने कामाला होते. पण आपण या शब्दाचा फक्त अपमान लक्षात ठेवतो, त्यातला विचार तपासत नाही. जावई म्हणजे काय? ज्याने घरात कष्ट केले नाहीत, पण ज्याला दिवाळसण, अधिक मासाचे वाण, पाटावरचा मान सगळे आयते मिळते तो. आणि जावई नेहमी बाहेरचा असतो. म्हणजे हा शब्द वापरणारा दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, घेणाऱ्याने काहीही दिलेले नाही. दुसरी अधिक महत्त्वाची : सरकार हे ‘आमचे’ घर आहे, आणि हा त्या घरात बाहेरून आलेला आहे. या दोन्ही गृहीतांना इतिहासात आधार मिळतो का, ते पाहू.

राजाच्या तिजोरीतून विद्येसाठी पैसा घेण्याची परंपरा महाराष्ट्रात कोणापासून सुरू झाली? पेशवाईत दरवर्षी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, आणि तिचा खर्च लाखांच्या घरात जाई. तो पैसा शेतसाऱ्यातून येई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. वर्षाला ५०,००० रुपयांच्या मर्यादेत ती चालू ठेवली. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे याच निधीतून ग्रंथांना बक्षिसे आणि महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमणे सुरू झाले. न्यायमूर्ती रानडे स्वतः दक्षिणा फेलो होते. त्यांची योग्यता वादातीत आहे. मुद्दा इतकाच, की सरकारी पैशावर शिकलेल्या त्या पिढीला कोणी सरकारचे जावई म्हटले नाही. १८४९ साली सुधारकांनी दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथांसाठी वापरावा असा अर्ज करायचे ठरवले, तेव्हा पुण्यातल्या सनातन्यांनी केवढा गहजब केला! आयत्या पैशावरचा हक्क सोडताना माणूस किती चिडतो, याचा तो उत्तम पुरावा आहे. त्या वेळी अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव फुले महार-मांगांसह खालच्या मानलेल्या जातींची माणसे घेऊन उभे राहिले. ज्यांना दक्षिणेतला छदाम कधी मिळाला नव्हता, ते त्या पैशाचा उपयोग शहाणपणाने व्हावा म्हणून आले होते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले, त्यातला एक मुद्दा आजही पुरेसा समजून घेतला जात नाही. त्यांनी शिक्षणासाठी दयेची याचना केली नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे ‘यांनी काही दिले नाही’ हे गृहीत फुल्यांनी तेव्हाच मुळापासून उखडले होते. आमच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर मिठाचे उदाहरण पुरेसे आहे. पेण-उरणच्या आगरांत मीठ पिकवणारा आगरी आणि भाकरीबरोबर मिठाचा खडा खाणारा महार, दोघेही मिठावरचा सरकारी कर भरत. खोताला जेवणात मीठ लागत होते तितकेच त्यांनाही लागत होते. आजही काडेपेटी घेताना भूमिहीन मजूर कर भरतो. पण ‘करदाता’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तो येत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ज्याने सर्वांत जास्त राबावे, त्याचीच गणना मागणाऱ्यांत का झाली? याचे उत्तर महारकी वतनात आहे. महाराने गावाची वेस राखावी, सरकारी खजिना पोचवावा, मेलेली गुरे ओढावी, जमिनीच्या हद्दीची साक्ष द्यावी, रात्री-अपरात्री निरोप घेऊन धावावे. हे काम होते, आणि त्याची मजुरी गावाने ठरवली होती : बलुते, इनामाचा तुकडा आणि दारोदार जाऊन मागायची भाकरी. या व्यवस्थेतला कावा असा, की मजुरी मजुरीच्या रूपात दिलीच जात नसे. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी दाराशी उभे राहून हाक मारावी लागे, आणि घरातली बाई वरून टाकी ते त्याने झेलायचे. असे दोनशे-चारशे वर्षे चालले की देणाऱ्याला वाटते आपण दान करतो, आणि घेणाऱ्यालाही वाटू लागते आपण मागतो. आपल्याकडचा ‘मदती’चा सगळा अर्थ या दाराशी घडला आहे. त्याला कर्मसिद्धान्ताची जोड मिळाली की वर्तुळ पुरे होते : तो दरिद्री आहे कारण मागच्या जन्मीचे पाप, आणि मी देतो ते माझे पुढच्या जन्मीचे पुण्य. दोन्ही जन्मांच्या मध्ये असलेली जमीन, मजुरी आणि सत्ता या हिशेबात कुठेच येत नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते, आणि ते आमच्याच जिल्ह्यात प्रथम जाहीरपणे मांडले गेले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेचे नाव ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ असे होते. चवदार तळ्यामुळे ती अजरामर झाली, हे योग्यच. पण त्या तेजात परिषदेचे बाकीचे काम झाकोळले. बाबासाहेबांनी तेथे सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे सोडा, गावाच्या भाकरीवरचे अवलंबन सोडा आणि पडीक जंगलजमिनी मिळवून शेती करा. परिषदेच्या ठरावांत सरकारकडे मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना मदतीची मागणी होती. हे नीट पाहा. एकाच व्यासपीठावरून गावाची भाकरी नाकारली जाते आणि राज्याची मदत मागितली जाते. काही विद्वानांना यात विसंगती दिसते : स्वाभिमान सांगायचा आणि सरकारपुढे हात पसरायचा! विसंगती मुळीच नाही. गावाची भाकरी ही उपकाराच्या रूपात आलेली मजुरी होती. वसतिगृहाचे अनुदान हा नागरिकाचा हिस्सा होता. पहिली घेतल्याने माणूस महार राहतो, दुसरे घेतल्याने तो महारकीतून बाहेर पडतो. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक आणले तेही याच विचाराने : बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, ज्याला वतन सोडायचे त्याला सोडू द्या. ते विधेयक पुढे गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, आणि तेव्हाही वतनाची जमीन त्याच वतनदाराला परत देताना आकाराच्या तिप्पट रक्कम भरून घेण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या राबून मिळालेली जमीन पुन्हा विकत घ्यायची! हे कोणत्या जावयाच्या वाट्याला येते?

या गावगाड्याच्या अर्थावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आणखी एक अर्थ चढवला. १८३४ साली इंग्लंडात गरीबविषयक नवा कायदा झाला. त्याचे सूत्र असे, की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुराहूनही हलकी ठेवावी, म्हणजे खरा गरजू असेल तोच येईल. गरिबीचे मूळ गरिबाच्या आळसात आहे, हे त्यामागचे गृहीत. हेच सूत्र घेऊन १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल दक्षिणेत आले. दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाला त्यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडीशी रोख एवढी मजुरी ठरवली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या तुटपुंज्या अन्नाला विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता, आणि गणेश वासुदेव जोशींच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली, हे तिच्या श्रेयात जमा केले पाहिजे. त्याच वेळी सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी आश्रम चालवून त्यांना जेवू घातले.

१८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्यात एक भीती स्पष्ट बोलून दाखवली आहे : दुष्काळात मदत मिळण्याचा गरिबांना हक्क आहे हे एकदा मान्य केले, तर ते इतर वेळीही तो हक्क सांगू लागतील. सरकारची भीती पैसे खर्च होण्याची नव्हती असे नाही, पण त्याहून मोठी भीती हक्काच्या कल्पनेची होती. मदत द्यावी, पण उपकार म्हणून द्यावी. गावातला पाटील आणि लंडनमधला अर्थशास्त्रज्ञ येथे एकमेकांना भेटतात. त्यांच्यात कोणताही पत्रव्यवहार झालेला नव्हता. त्यांचे हितसंबंध सारखे होते.

(याच इंग्लंडात पुढे, १९०१ साली, सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या मजुरांची घरोघर पाहणी प्रसिद्ध केली. अत्यंत दारिद्र्यातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या दारिद्र्याचे कारण आळस किंवा दारू नसून अपुरी मजुरी आहे, असे तीत निघाले. घरातला कर्ता माणूस काम करीत होता, आणि तरीही घर उपाशी होते. आमच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत ही गोष्ट अजून पोचायची आहे. ‘दारिद्र्याची कारणे लिहा’ या प्रश्नाला माझे विद्यार्थी आजही लोकसंख्यावाढ, निरक्षरता, व्यसनाधीनता, अंधश्रद्धा अशी पाठ केलेली यादी लिहितात. जमीन आणि जात हे शब्द त्या यादीत नसतात. लिहिणाऱ्यांत भूमिहीनांची मुलेही असतात.)

१८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांच्या ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेने फॅमिन कोडातली कलमे मराठीत छापून खेडोपाडी पोचवली. साऱ्याची सूट-तहकुबी कायद्याने मिळते, ती मागणे हा गुन्हा नाही, हे शेतकऱ्यांना सांगितले. ठाणे-कुलाबा भागातही ही चळवळ पोचली. हे मोठे काम होते. सरकार चिडले आणि १८९७ साली त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. पण कुळांच्या बाजूने खोतीत सुधारणा करण्याचा प्रश्न १८९९ च्या सुमारास आला, तेव्हा हाच ‘केसरी’ खोतांच्या हक्कांच्या रक्षणाला उभा राहिला. सरकारने सारा घेऊ नये हे न्याय्य; खोताने फाळा कमी घ्यावा हा मात्र परंपरागत हक्कांवर घाला! दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातली संपत्ती विलायतेला वाहून जाते हे आकडेवारीने सिद्ध केले, आणि राष्ट्रीय चळवळीने तो सिद्धान्त डोक्यावर घेतला. दारिद्र्याचे कारण दरिद्र्याच्या आळसात नसून लुटीत आहे, असे म्हणायला आपले पुढारी शिकले ते तेव्हा. परंतु खेड्यातून खोताच्या माडीवर जाणारा ओघ त्यांना दिसला नाही. लुटणारा गोरा असला की दारिद्र्याचे कारण अर्थशास्त्रात सापडे. लुटणारा आपल्यातला असला की ते कुळाच्या नशिबात सापडे.

त्या ओघाला बांध घातला तो अलिबाग तालुक्याने. किहीमहून अलिबागला येऊन पोयनाडच्या रस्त्याला लागले की चरी गाव लागते. खाडीकाठच्या खार जमिनींची ही गावे. समुद्राचे पाणी अडवणारे बांध कुळांनी घालायचे, फुटले तर रात्री चिखलात उतरून कुळांनी बुजवायचे, भात कुळांनी पिकवायचे, आणि खळ्यावर निम्म्याहून अधिक खोत-सावकाराने उचलून न्यायचे. वर वेठ, वर भेटी, वर व्याज. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी चरीला सभा घेतली आणि संप पुकारला. पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले, आणि १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे, ते पाळले.

या संपाकडे आपण जमिनीचा लढा म्हणून पाहतो. दारिद्र्याच्या कारणमीमांसेतला एक प्रयोग म्हणूनही त्याकडे पाहिले पाहिजे. कूळ दरिद्री का, या प्रश्नाला खोतवर्गाकडे नेहमीचे उत्तर होते : कूळ आळशी, कूळ ताडी पितो, कूळ लग्नात पैसा उधळतो. संपाने याची परीक्षा घेतली. कुळांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, मिळेल ती मजुरी केली, उपास काढले, पण जमिनीला हात लावला नाही. जमीन ओस पडली. खोत तेवढाच बुद्धिमान, तेवढाच कुलीन होता, तरी त्याच्या पुण्याईने एक लोंबीही उगवली नाही. कोण कोणाच्या जिवावर जगत होते हे पंचवीस गावांच्या माळरानावर उघडे पडले. आणि ज्यांना आळशी म्हटले जात होते, त्यांनी सहा वर्षे उपाशी राहून निर्धार टिकवला. आळशी माणसाला एवढा निर्धार पेलत नाही.

१६ डिसेंबर १९३४ रोजी बाबासाहेब चरीला आले आणि संपकरी कुळांच्या पाठीशी उभे राहिले. चरीची कुळे प्रामुख्याने आगरी. महार-आगरी यांच्यातला गावातला विटाळ तेव्हा संपलेला होता, असे मुळीच नाही. तरीही स्वतंत्र मजूर पक्षाच्या रूपाने १९३६ नंतर जे राजकारण उभे राहिले, त्याचा पाया या किनाऱ्यावर घातला गेला, असे मला वाटते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. खेर मंत्रिमंडळ काँग्रेसचे, म्हणजे लोकांचे. तरी विधेयक मंजूर झाले नाही. महसूलमंत्री मोरारजी देसाई १९३९ साली चरीला येऊन गेले, आणि त्याच वर्षी कुळांना काही संरक्षण देणारा पहिला कायदा झाला. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. त्यात खोतांना नुकसानभरपाई मागण्याची तरतूद होती. पुन्हा तोच शब्द! कुळाने पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले त्याची भरपाई कोणी मागितली नाही, कारण तिला कायद्यात नाव नव्हते.

बाबासाहेबांची भूमिका केवळ सवलतींची होती, असे सांगणाऱ्यांनी दोन गोष्टी वाचाव्यात. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की प्रश्न तुकड्याच्या लांबी-रुंदीचा नाही. शेतीला भांडवल नाही आणि शेतीबाहेर काम नाही, म्हणून माणसे रिकामी राहतात. ते रिकामपण त्यांच्या स्वभावातून आलेले नसून अर्थव्यवस्थेने त्यांच्यावर लादलेले आहे. आणि १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मागितले ते असे, की शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जातिधर्मभेद न करता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही राहणार नाही, कूळही राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. हे घडले असते तर कोणाला कोणाकडे सवलत मागायची वेळ आली नसती. घटनेत मात्र यातले फारसे आले नाही. कामाचा आणि सार्वजनिक साहाय्याचा हक्क ४१ व्या कलमात गेला, आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत, आणि न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा भागात. उरल्या त्या शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा. मूळ मागणी जमिनीची होती. मिळाले ते व्याजाचे हप्ते, आणि त्या हप्त्यांवरून आपल्याला जावई म्हणण्यात आले. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन द्या, किमान वेतन द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. मराठी मध्यमवर्गाच्या आठवणीत तो सत्याग्रह नाही. राखीव जागा मात्र त्याला पाठ आहेत.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा आयोगाच्या १८८० मधल्या भीतीला महाराष्ट्राने पहिल्यांदा उत्तर दिले. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी अजमावलेली कल्पना रोजगार हमी म्हणून पुढे आली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव. खायला मिलो आणि सुकडी. एवढी माणसे रणरणत्या उन्हात खडी फोडायला आली, हे आळसाच्या सिद्धान्ताला पुरेसे उत्तर होते. (आणि त्याच सुमारास डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ हाती घ्यावी लागली. पाण्याचा दुष्काळ होता, विटाळाचा नव्हता.) १९७५ पासून नोकरदारांकडून व्यवसायकर घेऊन योजनेला पैसा उभारला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. दारिद्र्याचे कारण काम नसणे हे आहे, आणि काम देणे ही राज्याची जबाबदारी आहे, असे कायद्याच्या भाषेत म्हटले गेले. त्यासाठी डावे पक्ष, समाजवादी आणि भूमिहीन बायाबापड्यांचे मोर्चे झगडले होते. ते कोणी ताटात वाढून दिले नव्हते.

पण लाभाची दिशा पाहा. मजुरांनी खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी कोणाच्या विहिरीला लागले? ज्याला विहीर होती त्याच्या. १९९० पासून रोजगार हमीच्या निधीतून खासगी जमिनीवर फळबाग लागवडीला अनुदान सुरू झाले. कोकणात आंबा-काजूखालचे क्षेत्र त्यामुळे झपाट्याने वाढले. ही योजना वाईट होती असे मी म्हणत नाही. अनेक लहान शेतकऱ्यांचे तिने भले केले. मात्र मजुराला काही दिवसांची मजुरी मिळाली आणि कलम जमीनमालकाचे झाले. मजुराच्या नावाने उभारलेल्या निधीतून बाग ज्याची झाली, त्याला त्याच्या गावात ‘प्रगतिशील बागायतदार’ म्हणतात.

आपल्यातही हा विचार शिरला आहे, हे येथे नोंदवणे भाग आहे. शिकून मुंबई-पनवेलला फ्लॅट घेतलेले आपले काही बांधव गावच्या बौद्धवाडीबद्दल बोलतात तेव्हा शब्द तेच असतात : त्यांना शिकायचेच नाही, फुकटचे रेशन मिळते म्हणून कामाला जात नाहीत. ‘रेवडी’ हा शब्द २०२२ पासून दिल्लीहून आला आणि आपल्याही तोंडी बसला. ज्याच्या वडिलांच्या पाठीवर कारकुनाने हाच शब्द दुसऱ्या रूपात मारला होता, त्याने तो उचलून मागे राहिलेल्या भावाच्या पाठीवर मारावा, इतके हे समाजमानस खोल आहे. त्यात जात बदलते, वाक्य बदलत नाही.

आणि दरम्यान किहीमची जमीन हलली आहे. मुंबईच्या धनिकांचे बंगले येथे जुनेच आहेत. अलीकडे वाड्याच्या वाड्या कुंपणात गेल्या. १९३९ आणि १९४८ च्या कुळकायद्यांनी, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ज्यांना जमीन मिळाली, त्यांच्या नातवंडांनी ती विकली. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. गुंठ्याच्या शेतीवर घर चालत नाही हे त्याला ठाऊक होते. ज्यांना कधीच जमीन मिळाली नाही, ती माणसे त्याच कुंपणांच्या आत माळी, राखणदार, धुणीभांडी करणाऱ्या म्हणून जातात. त्यांचा रोज कोणत्याही कागदावर नसतो. पाऊसकाळात बंगले बंद झाले की कामही बंद.

रोजगार हमीच्या कायद्यात काम मागण्याचा अर्ज ‘नमुना ४’ मध्ये करायचा, आणि त्याची तारीख घातलेली पावती मजुराला द्यायची, असे ठरवलेले होते. पंधरा दिवसांची मुदत त्या पावतीवरच्या तारखेपासून मोजली जाई. त्यामुळे पावती देण्याचे टाळले जाई. तोंडी सांगायचे, ‘पुढच्या आठवड्यात बघू’, आणि अर्ज टेबलावर ठेवून घ्यायचा. पावती नाही म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणजे बेकारी नाही. आणि या किनाऱ्यावर कामाला माणूस मिळत नाही, लोक आळशी झालेत, हे बोलायला तालुक्याच्या कचेरीतला कोणीही मोकळा. ज्या कार्यकर्त्यांना या प्रश्नावर काम करायचे आहे, त्यांनी आपापल्या वाडीतल्या माणसांबरोबर कचेरीत जावे, अर्ज लेखी द्यावा, आणि तारीख-शिक्क्यानिशी पोच मिळेपर्यंत खिडकीपासून हलू नये.